व्हॅलोरंट : संघात उतरण्याआधी

● सुरुवात : रायट गेम्सचा हा मोफत खेळ २०२० मध्ये आला.
● सामना : दोन संघ, प्रत्येकी ५ खेळाडू. आधी १३ फेऱ्या जिंकेल तो विजयी. १२ फेऱ्यांनंतर बाजू बदलतात.
● भूमिका ४ : ड्युएलिस्ट आधी घुसतो, इनिशिएटर माहिती काढतो, कंट्रोलर धुराने वाटा झाकतो, सेंटिनल पिछाडी राखतो.
● रँक्ड सामने : खात्याची २०वी पातळी गाठल्यावरच. आयर्न ते रेडियंट अशा ९ श्रेणी.
● खर्च : फेरीगणिक क्रेडिट मिळतात. संघ बचत करत असेल, तर एकट्याने महागडी बंदूक घेऊ नका.
● माइकवर : शत्रू कुठे, किती, एवढंच सांगा. शिवीगाळ करणाऱ्याला म्यूट करा आणि खेळत राहा.