चाकणच्या वेढ्यातली पात्रं

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या भूमिकाखेळात खेळाडू एकेक पात्र सांभाळतो. उरलेली सगळी माणसं खेळ चालवणाऱ्याच्या तोंडून बोलतात.

समजा, डाव १६६० च्या चाकणमध्ये मांडला आहे. मुघल सरदार शायिस्तेखानाचा तिथल्या संग्रामदुर्ग किल्ल्याला वेढा. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा मोजक्या माणसांनिशी झुंजतो आहे. जवळपास दोन महिन्यांनी सुरुंगाने बुरूज उडाला, किल्ला पडला. खानाने देऊ केलेली चाकरी मात्र फिरंगोजीने नाकारली. पात्र म्हणून त्याचं सारं बळ या नकारात आहे: खेळाडूंनी कितीही आमिष दाखवलं तरी तो कुठे हलणार नाही, हे चालवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

काल्पनिक पात्रालाही एवढंच लागतं. आत्ता त्याला काय हवं आणि काही झालं तरी तो काय करणार नाही? किल्ल्यातल्या पाणक्याला बाहेर अडकलेल्या बायकापोरांची खबर हवी. त्यासाठी तो चोरून निरोप पोचवेल, पण दरवाजा उघडणार नाही. पानभर पूर्वेतिहास लिहिण्यात फारसं हशील नाही. तो खेळाडूंपर्यंत पोचतच नाही.

लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री नाटकात एकट्याने ५२ पात्रं उभी करत. खेळाच्या टेबलापाशी पात्र वेगळं ओळखू यायला एखादी लकबही पुरते: पाणक्या बोलताना सारखा दरवाजाकडे बघतो.

चालवणाऱ्याची दोन पात्रं आपसांत बोलू लागली की खेळाडू नुसते प्रेक्षक होतात. असा संवाद निवेदनाच्या एका वाक्यात आटोपावा.