कोयता फडात जाण्याआधी

दसऱ्याच्या आधीचे दिवस. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघायच्या तयारीत आहेत. परळी वैजनाथला लोहाराच्या भट्टीवर वर्षातलं सगळ्यात जोखमीचं काम याच दिवसांत चालतं.

पहाटे ५ – पाणी द्यायचं, म्हणजे कोयत्याचं पातं तापवून विझवून कडक करायचं, काम अंधारातच उरकतात, कारण तापलेल्या पोलादाचा रंग उन्हात फसवतो. काल घडवलेली पाती निखाऱ्यात जातात. माल ट्रकच्या जुन्या पाट्याचा, म्हणजे शेकडा अर्ध्याच्या आसपास कार्बन असलेलं स्प्रिंगचं पोलाद. सुमारे ७७० अंशांवर लोहचुंबक त्याला चिकटेनासा होतो. त्याहून थोडं वर तापवून पातं तेलात विझवायचं. थंड पाण्यात या पोलादाला चिरा पडायची भीती असते.

सकाळी ७ – पहिली परीक्षा कानशीची. कानस धारेवरून घसरली तर पाणी चढलं. चावली तर पातं परत भट्टीत. दुसरी परीक्षा कानाची. पातं दोरीला टांगून हलकेच ठोकायचं. नाद खणखणीत हवा. आवाज बद्द आला तर आत चीर असल्याचा संशय धरून ते बाजूला काढायचं.

सकाळी ८ – आत्ता पातं कडक आहे, पण काचेसारखं ठिसूळ. धार घासून चकचकीत करतात आणि पाठीकडून सावकाश शेक देतात. लोखंडावर रंग सरकत येतो : आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, २८० अंशांच्या सुमारास जांभळा, ३०० च्या आसपास निळा. जांभळा रंग धारेवर आला की हात थांबला पाहिजे. थोडा कडकपणा गेला, त्याच्या बदल्यात चिवटपणा आला. या क्षणाची चूक पुढच्या कुठल्याही घासण्याने भरून निघत नाही.

सकाळी १० ते दुपारी १ – उद्याच्या पात्यांची घडाई. एकजण सांडशीने धरतो, दुसरा घण घालतो. मग जेवण, थोडी विश्रांती.

दुपारी ३ – बाभळीचा वाळका ओंडका पुढे येतो. गाठीवर नेमके फटके मारायचे आणि धार उजेडात धरून बघायची. धार दुमडली असेल तर पातं नरम, कपचा उडाला असेल तर फाजील कडक. शंका राहिली तर धार पितळी सळईवर दाबतात. ती किंचित लवून पुन्हा सरळ झाली पाहिजे.

दुपारी ४ – घाणातलं एक पातं वाइसमध्ये आवळून वाकवतात. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेतही पात्याने लटकता दोर एका फटक्यात कापावा, लाकूड तोडावं, त्यानंतर केस काढण्याइतकी धार राखावी आणि शेवटी नव्वद अंशांत वाकवल्यावर दोन तुकडे होऊ नयेत, अशी अट आहे. साधन वेगळं असलं तरी कस एकच : धार आणि चिवटपणा, दोन्ही एकाच पात्यात.

संध्याकाळी ५ – मुठी बसतात. प्रत्येक मुठीला जोराचा हिसका देऊन बघतात. सुटलेलं पातं शेजारच्या माणसाला लागू शकतं.

संध्याकाळी ६ – गिऱ्हाईक येतं, बहुधा नवरा-बायको जोडीनं.

“मामा, मागल्या साली घेतलेला महिन्यातच कपचला. ह्यो टिकल का?”

“ताई, त्या ओंडक्यावर तुम्हीच हाणून बघा. पटला तरच पैसे द्या.”

ती चार फटके मारते, धारेवरून अलगद अंगठा फिरवते, मुठीत हात बसतो का ते बघते.

रात्री ८ – भट्टी विझते. बाजूला काढलेली पाती उद्या पुन्हा तापतील. विक्रीला जाणार नाहीत.

एवढी पारख कशासाठी? उसात साखर बुडख्याकडे जास्त, म्हणून तोड जमिनीलगत करावी लागते, आणि तिथे ढेकूळ-दगड धारेला भिडतात. बोथट कोयता घसरून हातापायावर येतो. तोडणीचे पैसे टनावर मिळतात, त्यामुळे कोयता तुटला की मजुरीही बुडते. म्हणून कोयता घ्याल तेव्हा आधी नाद ऐका, लाकडावर मारा, धार उजेडात बघा, मूठ ओढून पाहा. या चार गोष्टी करू न देणाऱ्याकडून कोयता घेऊ नका.