जुन्या नाण्याचा फोटो काळा का येतो? आधी उजेड कुठून येतोय ते बघा

घरातल्या जुन्या डब्यात एखादी शिवराई सापडते. आपण ती तळहातावर ठेवतो, फ्लॅश मारतो आणि ग्रुपवर विचारतो, "हे कुणाचं नाणं आहे?" फोटोत दिसतो काळा गोळा आणि मधोमध पांढरा डाग. ओळखणार कोण?

मग सल्ला येतो, चिंचेनं घासून बघ. कृपा करून घासू नका. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला थर एकदा निघाला की परत येत नाही, आणि नाण्याची किंमतही पडते. साफ करायचं नाणं नाही, बदलायचाय उजेड.

विषय असा आहे की, नाण्यावरची अक्षरं शाईनं लिहिलेली नसतात. ती उंचवट्यानं उठलेली असतात. समोरून फ्लॅश मारला की उंच आणि सखल भाग सारखाच उजळतो, सावली पडत नाही, अक्षर गायब. तोच उजेड बाजूनं, जवळजवळ जमिनीला टेकून आला की प्रत्येक उंचवट्याची बारीक सावली पडते आणि झिजलेल्या शिवराईवरही 'श्री राजा शिव' वाचता येतं.

अक्षर वाचता आलं की काय होतं, याचं उदाहरण आमच्या जऊळक्याच्या वाशिम जिल्ह्यातच आहे. १९३९ साली मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १६०० नाणी, पोटीनची, म्हणजे तांब्यात कथील-शिसं मिसळलेल्या धातूची. एका बाजूला हत्ती, कडेनं ब्राह्मी अक्षरं. अडचण अशी की बऱ्याच नाण्यांवर अक्षरं अर्धवटच उमटलेली. वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावं समोर आली. कडेचं एखादं अक्षर सावलीत गेलं असतं तर? म्हणून फोटोत कड कापू नका.

आता घरी काय करायचं? खिडकीजवळ टेबल घ्या, दुसरे दिवे बंद करा. नाण्याचा वरचा भाग खिडकीकडे ठेवा, म्हणजे उजेड वरून येईल. उलटा, खालून आला तर डोळा फसतो आणि उठलेलं अक्षर खोदलेलं वाटायला लागतं. मोबाइल नाण्याला चिकटवू नका, त्याचीच सावली पडते. वीसेक सेंटिमीटर लांब धरून थोडं झूम करा. मग नाणं जागच्या जागी हळूहळू फिरवत चार-पाच फोटो काढा. एका फोटोत हरवलेलं अक्षर दुसऱ्यात सापडतं. चकचकीत चांदीच्या रुपयाला मात्र इतका तिरपा उजेड नको. खिडकीला पांढरा पातळ कागद लावला की झगमग मऊ होते.

राहिला टोन, आणि फसवाफसवी इथेच होते. पिवळ्या बल्बखाली पितळ सोन्यासारखं दिसतं, पांढऱ्या ट्यूबखाली तांबं फिकं पडतं. दोन्ही उजेड एकत्र असतील तर मोबाइल गोंधळतोच. शेजारी साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. फोटोत तो पिवळा दिसला तर नाण्याचा रंगही खोटा समजा. पूर्ण पांढऱ्या कागदावर मात्र नाणं ठेवू नका, कॅमेरा सगळंच अंधारं करतो. करडा पुठ्ठा बरा. फिल्टर तर अजिबात नको. सोबत मोजपट्टी आणि दोन्ही बाजूंचे फोटो असले की जाणकाराचं अर्धं काम झालं.

फोटो टाकल्यावर "लाखो देतो, आधी कमिशन भरा" असा मेसेज आला तर थेट ब्लॉक करा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे पैसे मागितले जात होते. आपण असले व्यवहार करत नाही आणि कमिशनही घेत नाही, असं बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय.

आणि नाणी शेतात, जमिनीत सापडली असतील तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तेव्हा पहिला फोटो नाणी उचलण्याआधी, मातीसकट काढा.