रेला नृत्य: रिंगणातले आणि व्यासपीठावरचे

धर्मग्रामाच्या स्नेहसंमेलनात किंवा पाहुण्यांच्या स्वागताला मुलामुलींचे ‘आदिवासी नृत्य’ पुष्कळदा होते. पाच मिनिटांचे गाणे, एकसारखे पोशाख, शेवटी टाळ्या. गडचिरोलीच्या गावात रेला नाचला जातो तेव्हा यांतले बहुधा काहीच नसते.

रेला हे गोंड व माडिया समाजाचे गीतनृत्य होय. पालुपदात ‘रेला’ हा शब्द वारंवार येतो, त्यावरून हे नाव पडले. हातांत हात किंवा कमरेभोवती हात गुंफून अर्धवर्तुळाकार रांग धरली जाते. एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो. ढोल असल्यास पुरुष वाजवतात. नसला तरी अडत नाही, पावलांचा ठेका पुरतो. नाचणारा व पाहणारा असा भेद येथे नाही. वृद्ध स्त्रीही रांगेत शिरते, दमली की बाहेर येते.

या नृत्यामागे वर्षाचे चक्र उभे आहे. माडिया लोकांच्या सणांना पंडुम म्हणतात: मोहाचा इरुक पंडुम, आंब्याचा मरका पंडुम, बियाण्यांचा विज्जा पंडुम. नवे पीक वा फळ आधी देवाला व पूर्वजांना अर्पण करावयाचे आणि मगच खावयाचे, हा दंडक आहे. जंगल ओरबाडले जाऊ नये अशी शिस्तही त्यात आपोआप सांभाळली जाते. गावाने एकत्र येऊन नाचणे हा त्या अर्पणाचाच भाग असतो.

नाचाची जागा बहुधा गोटुलाचे अंगण. गोटुलाविषयी बाहेरच्या जगात भलत्याच कल्पना आहेत. व्हेरियर एल्विन यांचा 1947 चा प्रसिद्ध ग्रंथ बस्तरच्या मुरिया समाजाविषयी आहे. गडचिरोलीतील गोटुल मुख्यतः गावाची बैठकीची व पाहुण्यांना उतरवण्याची जागा आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने सागवान वापरून आपले गोटुल उभारले, तेव्हा वनविभागाने ते पाडले. गावाने ते पुन्हा बांधले. पुढे 2009 मध्ये याच गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. नाचाचे अंगण आणि जंगलाचा हक्क हे दोन वेगळे विषय नव्हेत.

ख्रिस्तसभेपुढे हा प्रश्न अन्यत्रही आला आहे. मेक्सिकोत दरवर्षी 12 डिसेंबरला ग्वादालुपे मातेच्या महामंदिरासमोर पिसांचे मुकुट घातलेले, पायांत वाळक्या बियांचे चाळ बांधलेले गट तासन् तास नाचतात. त्यांच्या लेखी तो कार्यक्रम नसून नवस असतो. त्याच देशातील चियापास प्रांतातल्या सान क्रिस्तोबाल धर्मप्रांताच्या मूलनिवासी भाषिकांसाठी मिस्सामध्ये विधिनृत्यास रोमने नोव्हेंबर 2024 मध्ये मान्यता दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्येच उपासनेत लोकांच्या परंपरांना वाव दिला होता. मात्र 1975 च्या रोमच्या एका टिपणाचा रोख असा की, जेथे नृत्य ही आजही लोकांची धार्मिक अभिव्यक्ती आहे तेथेच त्याचा विचार व्हावा, प्रेक्षणीय देखावा म्हणून नव्हे.

ही कसोटी आपणांस चांगलीच झोंबणारी आहे. शहरातील मुलींना पिसे लावून वेदीपुढे आणणे या कसोटीस उतरत नाही, हे स्पष्ट म्हणावयास हवे. उलट ज्या गावी रेला जिवंत आहे, तेथे तो कोठे व कधी नाचावा हे त्या गावानेच सांगावे. पंडुमचे गीत जसेच्या तसे उचलून त्याला ख्रिस्ती शब्द चिकटवणे हा तर त्या गावाचा उपमर्द आहे.

अधिक निकडीची बाब वसतिगृहांची आहे. पहिलीपासून गावाबाहेर राहणाऱ्या मुलांना रेला मोबाइलवरून शिकावा लागतो, कारण पंडुम शाळेच्या सुट्या पाहून येत नाही. आपल्या संस्थांच्या वसतिगृहांतून पंडुमसाठी मुलांना दोन दिवस घरी पाठवता येईल. त्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.