घोरणे आणि घरचे उपाय

आपले गाव नाकाचे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून हे 'नासिक', असे परंपरा सांगते. नऊ शिखरांवरून नाव पडले असे म्हणणारेही आहेत. त्यांच्याशी आज आपला वाद नाही. पण त्याच शूर्पणखेचा भाऊ कुंभकर्ण, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा घोरण्याचा विषय काढायला नाशिकसारखी जागा नाही.

गंमत अशी की, घोरण्याबद्दल आपण नाकाला बोल लावतो आणि आवाज येत असतो बहुधा घशातून. टाळूचा पुढचा भाग कठीण असतो, मागचा मऊ. त्या मऊ भागालाच पडजीभ लोंबते. जागेपणी तिथले स्नायू आपापली जागा धरून असतात. झोपेत ते सैल पडतात, आणि माणूस उताणा निजला की जीभही मागे ओघळते. श्वासाची वाट अशी अरुंद झाली म्हणजे हवा जोराने जाते, आणि दारावरचा पडदा वाऱ्याने फडफडावा तसा तो मऊ टाळू फडफडू लागतो. तीच घरघर. नाक चोंदलेले असले तर हवा ओढायला अधिक जोर लागतो आणि आवाज चढतो. नाकाचा गुन्हा एवढाच.

हे समजले म्हणजे उपाय आपोआप सुचतात. पहिला, आणि फुकटचा, कुशीवर निजण्याचा. आता तुम्ही म्हणाल, झोपेत माणूस उताणा होतोच, त्याला काय करणार? तर जुन्या बंडीला पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एक खिसा शिवून घ्या आणि त्यात टेनिसचा चेंडू घाला. उताणे होताच चेंडू रुततो आणि झोप न मोडता माणूस कुशीवर वळतो. पहिले चार दिवस कुरकुर होते, पुढे अंगवळणी पडते. उशीवर उशी मात्र रचू नका; त्याने मान पुढे वाकते आणि वाट आणखी दबते. त्यापेक्षा खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू चारेक इंच उचलावी.

नाशिकची थंडी आली, निफाडकडून गार वारे सुटले, की घरोघरी नाके चोंदतात. अशा वेळी निजण्यापूर्वी वाफ घ्यावी, किंवा मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. अर्धा लिटर पाण्याला एक सपाट लहान चमचा मीठ पुरे. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये, त्यातून क्वचित फार घातक जंतू मेंदूपर्यंत पोचतो. नाकात तेल सोडण्याची हौस पुष्कळांना असते. ते सरकून फुप्फुसात गेले तर तिथे सूज येते, म्हणून मी तरी ते सुचवणार नाही. हळदीचे दूध खुशाल प्या, घशाला बरे वाटेल. सैल टाळू त्याने घट्ट होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या जिल्ह्यात बोलायलाच हवी. इथल्या द्राक्षांची वाइन आता गावोगाव जाते. कोणाच्या घरी काय प्यावे हा आपला प्रश्न नाही. पण निजायच्या आधी तीन-चार तासांत घेतलेले मद्य घशाचे स्नायू अधिकच ढिले करते. झोपेच्या गोळ्यांचेही पुष्कळदा तसेच. तंबाखूच्या धुराने घसा सुजतो. आणि मानेभोवती चरबी साठली असेल तर वजन उतरवण्यासारखा उपाय नाही, तो सावकाश लागू पडतो खरा.

घशाला व्यायाम देता येतो, हे ऐकून आपल्याला नवल वाटेल. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजरीडू नावाचे लांब लाकडी वाद्य रोज वाजवल्याने घोरणाऱ्यांना फायदा झाल्याचे २००६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले. २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर शंखाचा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिने नियमाने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली. प्रयोग लहान आहेत, त्यावर फार इमले बांधू नयेत. पण घरच्या देव्हाऱ्यात शंख असेल तर फुंकायला हरकत काय?

इथवर गंमत झाली. आता जे सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका. काहींचे घोरणे एकदम थांबते. घरच्यांना वाटते, सुटलो! पण त्या वेळी श्वासच थांबलेला असतो. दहा सेकंद, कधी त्याहून अधिक. मग माणूस दचकून, गुदमरल्यासारखा श्वास ओढतो. रात्रीतून असे शेकडो वेळा घडू शकते. अशाचा रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो, पक्षाघाताचा धोका वाढतो. सकाळी डोके दुखते, दिवसा डुलक्या येतात. आणि असा माणूस कसारा घाटात गाडी चालवीत असला म्हणजे प्रश्न त्याच्या एकट्याचा राहत नाही. इथे चेंडू नि वाफ यांवर विसंबू नये. झोपेची तपासणी होते, ती पुष्कळदा घरीही करता येते. नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे यंत्र आहे. ऑस्ट्रेलियाचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ साली जगापुढे मांडले.

बायकांचे घोरणे घरात लपवले जाते, आणि त्यामुळे दुखणेही लपते. चाळिशी-पन्नाशीनंतर, पाळी गेल्यावर, त्यांच्यात हा त्रास वाढतो. लहान मूल रोज घोरत असेल तर 'बापावर गेलाय' म्हणून कौतुक करू नका. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या असतील, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

घोरणाऱ्याला आपला आवाज ऐकू येत नाही. म्हणून घरातल्या कोणीतरी एका रात्री अर्धा तास जागे राहावे, घड्याळ लावून श्वास किती वेळ थांबतो ते मोजावे, मोबाइलवर आवाज टिपून ठेवावा. आणि डॉक्टरांकडे जाताना मोजणाऱ्यालाच बरोबर न्यावे. कारण घोरणारा तिथे बसून 'छे, मी कुठे घोरतो!' असेच सांगणार.