विधेयकाची छाननी आणि किनाऱ्यावरचे घर

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध एक विधेयक मांडले. स्त्री संघटना कित्येक वर्षे या कायद्याची वाट पाहत होत्या, पण मसुदा हातात पडताच त्यांनीच त्याला सर्वांत कडाडून विरोध केला. मसुद्याप्रमाणे नवऱ्याने ‘सवयीने’ मारहाण केली किंवा क्रूरपणे वागून जगणे असह्य केले, तर ती हिंसा. इतर मार्गाने इजा केली असेल, तर त्याला एक पळवाट ठेवलेली होती. ते वागणे स्वतःच्या किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी वाजवी होते असे त्याने दाखवले, की ती हिंसा धरली जाणार नव्हती.

हे विधेयक तसेच मंजूर झाले असते तर रायगडच्या किनाऱ्यावर काय घडले असते, याचा विचार करून पाहावा. समजा, रेवदंड्याच्या खाडीकाठची एक बाई पहाटे बंदरावर म्हावरे विकत घेते आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठते. जून-जुलैत मासेमारी बंद असते. नवरा घरी बसून आणि हातात पैसा नाही. गाठीला बांधलेली कमाई ती देत नाही म्हणून तो तिला ढकलून देतो आणि तिचा हात मोडतो. असे पहिल्यांदाच घडले आहे. न्यायालयात तिला पहिला प्रश्न आला असता, की हे नेहमीचे आहे का? आणि दुसरा असा, की पैसा घरचा होता, तो राखायला गेला तर त्यात वावगे काय? म्हणजे मोडलेल्या हाताची दाद मागण्याआधी तिला आणखी काही वेळा मार खावा लागला असता.

छाननीने काय बदलले

विधेयक संसदेच्या मनुष्यबळ विकासविषयक स्थायी समितीकडे गेले. ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंह यांच्या पुढाकाराने लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने आधीच एक पर्यायी मसुदा तयार केला होता. देशभरातल्या संघटना त्यामागे उभ्या राहिल्या. समितीचा अहवाल डिसेंबर २००२ मध्ये आला. त्यात हिंसेची व्याख्या व्यापक करावी आणि स्वसंरक्षणाची पळवाट काढून टाकावी असे सुचवले होते. पुढे २००४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळले. नव्या सरकारने नवा मसुदा आणला, दोन्ही सभागृहांनी तो ऑगस्ट २००५ मध्ये मंजूर केला, १३ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून कायदा लागू झाला.

या साऱ्या काळात आजचा रायगड लोकसभेच्या नकाशावर ‘कुलाबा’ होता. पहिले विधेयक आले तेव्हा तिथले खासदार रामशेठ ठाकूर होते आणि कायदा झाला तेव्हा बॅरिस्टर ए. आर. अंतुले.

नव्या कायद्यात ‘सवयीने’ ही अट उरली नाही. एकदा उगारलेला हातही हिंसाच ठरला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे चार प्रकार नोंदले गेले. त्यातला आर्थिक प्रकार किनाऱ्यावरच्या बाईच्या सर्वांत जवळचा आहे, कारण म्हावरे विकणारी, बोंबील वाळवणारी, वाडीत नारळ-सुपारी वेचणारी बाई कमावते, पण त्या पैशावर तिचा हात राहतोच असे नाही. तिची कमाई किंवा स्त्रीधन काढून घेणे, घरखर्च तोडणे हे आता कायद्याच्या भाषेत नोंदले गेले होते.

त्याहून मोठा बदल दिलाशाच्या स्वरूपात झाला. १९८३ पासून भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम होते, पण ते शिक्षेचे कलम. नवरा तुरुंगात गेला तरी बाईला त्या रात्री झोपायचे कुठे, मुलांना खायला काय घालायचे, हा प्रश्न तिथे सुटत नव्हता. मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये विशेष कक्ष सुरू केला, तो याच प्रश्नांशी झगडत आला. २००५ च्या कायद्याने संरक्षण, राहते घर, खर्च, मुलांचा ताबा आणि भरपाई असे पाच आदेश एकाच अर्जावर मागण्याची सोय केली. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असेही लिहिले. माहेरी येऊन राहिलेली बाई तिथल्याच न्यायालयात अर्ज करू शकते. नवरा मुंबईला आणि सासर दुसऱ्या तालुक्यात असलेल्या कोकणातल्या बाईला या एका तरतुदीने केवढा आधार दिला! कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. त्यामुळे म्हसळ्या-श्रीवर्धनकडच्या ज्या घरांतले पुरुष आखातात कमावतात, त्या घरांतल्या स्त्रियाही त्याच्या छत्राखाली आल्या.

जे सुटले त्याची किंमत

छाननीतून निसटलेल्या त्रुटींची किंमतही बायकांनीच मोजली. कायद्याने ‘एकत्र राहत्या घरात’ राहण्याचा हक्क दिला, पण डिसेंबर २००६ मध्ये बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या मालकीचे घर त्यातून वगळले. व्याख्येची रचना ढोबळ असल्याची टिप्पणीही त्याच निकालात आहे. हा निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये आहुजा खटल्यात बदलला. मधली चौदा वर्षे गेली. कोळीवाड्यातले, आगरी गावठाणातले घर कोणाच्या नावावर असते? बहुधा सासऱ्याच्या, नाहीतर आजेसासऱ्याच्या. म्हणजे या पट्ट्यातल्या सुनेला मिळालेला हक्क चौदा वर्षे अधांतरी होता.

दुसरी त्रुटी प्रतिवादीविषयीची. तक्रार मुख्यतः ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच करता येत असे. घरातल्या छळणाऱ्या स्त्रियांविरुद्ध दाद मागणाऱ्या मुलीला किंवा बहिणीला ही अट आडवी येई. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या हरसोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०१६ रोजी ती काढून टाकली. तोवर कायदा लागू होऊन दहा वर्षे होत आली होती. समितीच्या टेबलावर एका बैठकीत दुरुस्त होऊ शकणाऱ्या ओळीसाठी न्यायालयात एक दशक घालवावे लागते, ते असे.

कायदा कोणाच्या हाताने पोहोचतो

या कायद्याचा कणा म्हणजे संरक्षण अधिकारी. बाईचे म्हणणे ऐकून घरगुती घटना अहवाल भरणे, तो दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे, दवाखाना, निवारा आणि मोफत वकील मिळवून देणे, आदेश पाळला जातो की नाही ते पाहणे ही सगळी त्याची कामे. कर्तव्यात कसूर केल्यास त्याच्यासाठी शिक्षाही सांगितली आहे. पण या पदासाठी माणसे आणि पैसा कुठून येणार, याचा पक्का बंदोबस्त झाला नाही. देशात ठिकठिकाणी हे काम दुसऱ्या खात्यातल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात जादा पदभार म्हणून पडले. जुलै २०२२ पर्यंत या कायद्याखालची साडेचार लाखांहून अधिक प्रकरणे देशभर प्रलंबित असल्याची माहिती सर्वोच्च न्यायालयासमोर आली. मे २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना बजावावे लागले, की जिल्ह्यात आणि तालुक्यात संरक्षण अधिकारी नेमा. कायद्याला तेव्हा एकोणीस वर्षे होत आली होती.

रायगडचा भूगोल या उणिवेला आणखी धार लावतो. कुंडलिकेच्या मुखापाशी रेवदंड्याची खाडी, पुढे राजपुरीची खाडी, शेवटी सावित्रीवर बाणकोटची खाडी. श्रीवर्धनहून जिल्ह्याच्या ठिकाणी अलिबागला रस्त्याने जायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास. दिघी-आगरदांड्याच्या जलवाहतुकीने तो कमी होतो, पण बाईची दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले तेव्हा टाळेबंदीचे दिवस होते. विजेचे खांब पडले, फोन बंद झाले. मदत क्रमांक कितीही असोत, अशा वेळी चालत पोहोचता येईल अशा अंतरावर माणूस असावा लागतो.

आणि मध्ये गावकी उभी असते. नवरा-बायकोचे भांडण आधी पंचांपुढे आणायचे, परस्पर पोलिसांत गेले तर वाळीत टाकायचे, ही भीती कायद्याच्या कलमांनी जात नाही. वाळीत टाकल्याच्या तक्रारी रायगडातून सातत्याने पुढे येत राहिल्या. त्यांच्या रेट्याने महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा एकमताने मंजूर केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातही शेजारीण, अंगणवाडी सेविका, शिक्षिका अशी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकते आणि सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर कारवाई होत नाही. हे दोन कायदे हातात हात घालून वापरले, तरच किनाऱ्यावरच्या बाईला घराबाहेर पाऊल टाकता येईल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी मदत मागितल्याचे आढळले. बाकीच्यांच्या वाट्याला कायद्याची एक ओळही आलेली नाही.

छाननी मंजुरीनंतरही

इंग्लंडमध्ये २०१९ मध्ये कौटुंबिक छळाच्या विधेयकाचा मसुदा आधी दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीने तपासला आणि मग २०२१ मध्ये कायदा झाला. त्यात आर्थिक छळ आला, घरातली हिंसा पाहणारी-ऐकणारी मुलेही पीडित मानली गेली. सुरक्षित निवाऱ्यातल्या पीडितांना आधार मिळावा ही स्थानिक संस्थांची जबाबदारी कायद्यातच लिहिली गेली. हक्कासोबत तो कोणी पोहोचवायचा हेही तिथे कायद्यातच आले. महाराष्ट्रात स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्धचे डिसेंबर २०२० चे शक्ती विधेयक संयुक्त चिकित्सा समितीकडे गेले आणि वर्षभराने मंजूर झाले, पण अंमलात आले नाही. कडक शिक्षेच्या नव्या विधेयकावर सभागृहे तासन्‌तास बोलतात. त्यातला थोडा वेळ जुन्या, चांगल्या कायद्याला माणसे मिळतात की नाही हे पाहण्यासाठी दिला पाहिजे.

हे काम करायला वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. विधिमंडळाची महिला हक्क व कल्याण समिती आहे. महिला व बालविकास खाते २०२३ पासून आदिती तटकरे यांच्याकडे आहे आणि त्यांचा मतदारसंघ श्रीवर्धन, म्हणजे हाच किनारा. या समितीने अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन आणि उरणला येऊन जाहीर सुनावणी घ्यावी. प्रत्येक तालुक्यात पूर्णवेळ संरक्षण अधिकारी आहे का, गेल्या वर्षी किती घटना अहवाल भरले गेले, किती अर्ज ६० दिवसांत निकाली निघाले, राहत्या घराचा आदेश मिळालेल्या किती बायका खरोखर त्या घरात राहत आहेत, एवढे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे सभागृहाच्या पटलावर ठेवावीत. २००२ मध्ये संसदेच्या समितीने एक अन्यायी अट वेळीच हेरली, म्हणून एका फटक्यालाही हिंसा म्हणण्याचा हक्क या देशातल्या बाईला मिळाला. तो हक्क खाडीपलीकडच्या घरापर्यंत नेण्यासाठी तेवढ्याच बारकाईची दुसरी छाननी हवी आणि ती मागणे हे रायगडच्या मतदाराचे काम आहे.