नारळाचे सोडण आणि शाळेतील उद्योगशिक्षण

मुरूड तालुक्यातील काशीद हे गाव रेवदंडा व मुरूड यांच्या दरम्यान सागरतीरी वसले आहे. या किनारपट्टीवर नारळ-पोफळीच्या वाड्या हा अनेक कुटुंबांच्या निर्वाहाचा आधार होय. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने असंख्य माड-पोफळी उन्मळून पडल्या. नव्याने लावलेला माड फळास येण्यास पाच ते आठ वर्षे जावी लागतात. ज्यांचे उत्पन्न असे एका दिवसात बुडाले, त्यांच्या मुलांना उद्योगाचे शिक्षण देताना हाती आलेल्या मालाचा कोणताही अंश वाया जाऊ न देण्याची दृष्टी प्रथम दिली पाहिजे. याकरिता नारळाच्या सोडणाचा पाठ विशेष उपयुक्त आहे.

सोडण म्हणजे नारळाचे बाहेरचे तंतुमय आवरण. त्यातील तंतू म्हणजे काथ्या व तंतूंना जोडणारा मऊ भाग म्हणजे भुसा. दहा किलो सुक्या सोडणातून सुमारे तीन किलो काथ्या व सात किलो भुसा निघतो. काथ्यापासून सुंभ, दोर, पायपुसणी व गाद्या तयार होतात. भुसा मात्र पुष्कळ काळ निरुपयोगी समजून टाकून देण्यात येत असे.

काथ्या काढण्याच्या जुन्या रीतीत सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात सहा ते दहा महिने कुजवीत. सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने तंतूंमधील चिकट द्रव्य विरघळून काथ्या मोकळा होई. हा काथ्या उत्तम प्रतीचा असे. परंतु कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू कमी होऊन दुर्गंधी सुटे व मासळीस अपाय होई. म्हणजे एका उद्योगाची कमाई दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन होत असे. कोळी व वाडीवाले शेजारी नांदतात अशा किनाऱ्यावर ही बाब मुलांना सहज पटेल. आता सोडणे अल्पकाळ भिजवून यंत्राने काथ्या काढता येतो, त्यामुळे हा दोष पुष्कळ अंशी टळतो.

भुशाचा प्रश्नही सुटला आहे. भुसा स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो, म्हणून किनाऱ्यावरील रेताड जमिनीस तो हितकारक आहे. तो कठीण घटकांमुळे लवकर कुजत नाही. परंतु अळंबीवर्गातील बुरशी व थोडा युरिया यांचे आळीपाळीने थर देऊन ओलावा राखल्यास सुमारे एका महिन्यात त्याचे खत होते. मचूळ पाण्यात भिजलेला भुसा मात्र गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा, अन्यथा त्यातील क्षार रोपांस बाधतात. अशा रीतीने माडाने दिलेले माडाकडेच परत जाते.

हस्तोद्योगातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिची योजना आखली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, असे सुचविले आहे. शिक्षकांनी प्रथम सोडण, काथ्या व भुसा यांची वजने मुलांकडून करवून शेकडेवारी काढवावी. दोन कुंड्यांपैकी एकीत नुसती रेती व दुसरीत भुसामिश्रित रेती भरून सारखे पाणी घालावे आणि खाली निथळलेले पाणी मोजवावे. नंतर हाताने सुंभ वळण्यास शिकवावे. दोन पदर एका दिशेने पिळून परस्परांभोवती उलट दिशेने वळले, की प्रत्येकाची उलगडण्याची ओढ दुसऱ्यास घट्ट करते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मुलांना त्या वेळी हातांनी कळेल.

काथ्याचे यंत्र मुलांनी दुरून पाहावे. ते चालविण्याचे काम त्यांच्याकडे कदापि देऊ नये. किती हात सुंभ वळला, यावरूनही पाठाचे मोल ठरवू नये. मोल ठरवावे ते मुलाच्या प्रश्नांवरून. माल कोठून आला, काय उरले व उरलेले कोठे गेले, हे तीन प्रश्न ज्याला आपणहून पडू लागले, तो पुढे कोणताही उद्योग करो, त्याचे उद्योगशिक्षण सफल झाले असे समजावे.